सी ड्राइव्हबरोबर गेलेले आवाज

गिरणीत काम करणाऱ्याच्या भुवयांवर पीठ बसतं, तसे रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करणाऱ्याच्या अंगावर किस्से बसतात. तो काही जमवायला जात नाही. घरी येऊन शर्ट झटकला की पडतात. मी नाशिकला इंदिरानगरच्या एका छोट्या स्टुडिओत बरीच वर्षं रेकॉर्डिस्ट होतो, त्यामुळे माझ्याकडे पोतंभर आहेत. पण चार मित्र जेवायला बसले की फर्माइश एकच असते: "दिल्या, ते फॉर्मॅट मारल्याचं सांग."

आता ते एक प्रकरण नाही. त्यात पाच-सहा प्रकरणं आहेत. पण सांगतो.

स्टुडिओ बापूंचा. बापू मूळचे भोंगेवाले. लग्न, जत्रा, सत्यनारायण, कुठंही मांडव पडला की बापूंचे भोंगे झाडावर चढलेले असायचे. पुढं कॅसेटचा जमाना आला तेव्हा त्यांनी आपल्या रो-हाउसच्या खालचं पार्किंग बंद करून घेतलं, भिंतींना जुने गालिचे ठोकले, दारावर लाल दिवा लावला आणि स्टुडिओ काढला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी कॉम्प्युटर आला. तो मी चालवायचो. वंदनाताई बुकिंग बघायच्या आणि जाहिरातींना आवाज द्यायच्या. नाशकातल्या निम्म्या साडीच्या दुकानांचा 'भव्य सेल' त्यांच्याच तोंडून बाहेर पडलेला आहे. आणि कॉम्प्युटर बिघडला की नितीन यायचा. तो मोटरसायकलच्या मागच्या सीटला लोकांचे सीपीयू बांधून शहरभर हिंडायचा.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या आवाजाला कसं नटवायचं हे आमचं ठरलेलं होतं. कुणाचा आवाज जाड करायचा, कुणाचा नाकातला भाग कापायचा, कुणाला घुमवायचं, कुणाचा सूर हळूच ओढून जागेवर आणायचा. हे सगळं एकदा जमलं की त्याला नाव देऊन सॉफ्टवेअरमध्ये ठेवून द्यायचं. पुढच्या वेळी गिऱ्हाईक आलं की नावावर क्लिक. याला प्रीसेट म्हणतात. मशीन कुणाकडंही असतं. आमची इस्टेट म्हणजे हे प्रीसेट.

*

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कॉम्प्युटर ऐन रेकॉर्डिंगमध्ये बंद पडायला लागला. गायकाचा आलाप वर चढला की इकडं स्क्रीन निळी. एका भजनी मंडळाच्या बुवांना तर तो देवाचा कौल वाटला. त्यांनी जागच्या जागी अभंगाची चाल बदलली.

नितीनला बोलावलं. त्यानं नाडी बघितल्यासारखा माउस हलवला आणि म्हणाला, "व्हायरस आहे. फॉर्मॅट मारावा लागेल. तुमचा डेटा कुठंय?"

"सगळी गाणी डी ड्राइव्हमध्ये," मी म्हणालो.

"मग टेन्शन नको. डीला हात लावत नाही. सी माझा."

आम्ही जेवायला गेलो. परत आलो तर कॉम्प्युटर नव्या नवरीसारखा बसला होता. नवी विंडोज, नवं चित्र, सॉफ्टवेअरसुद्धा पुन्हा टाकलेलं. बापूंनी खूश होऊन नितीनला पान दिलं. मी सॉफ्टवेअर उघडलं, प्रीसेटची यादी खाली ओढली, आणि पुन्हा पुन्हा वरखाली केली. आत फक्त कंपनीचे होते. मोठ्या हॉलचा घुमारा, छोट्या हॉलचा, चर्चचा, गुहेचा. आमचा एकही नाही. ते सगळे सीमध्ये होते. हे मलाही तेव्हाच कळलं.

"प्रीसेट म्हणजे काय असतं पण?" नितीननं विचारलं.

मी सांगायला लागलो तेवढ्यात बापूंनी हात वर केला. "थांब, मी सांगतो याला. नितीन, तू घर झाडलं. फरशी पुसली. लय चांगलं केलं. पण त्याबरोबर माझा मिसळणाचा डबा पण विसळून, पुसून, कोरडा करून ठेवला."

नितीननं कॉम्प्युटरकडं बघितलं. "डबा तर जागेवर आहे ना, बापू."

*

आधी ठरवलं, निदान काय काय गेलं ते तरी आठवू. तिथं दुसरीच अडचण निघाली.

प्रीसेटला नाव द्यायची वेळ यायची तेव्हा मी मागं वळून बापूंना विचारायचो, "काय नाव देऊ?" बापू नेमके दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असायचे. जे ऐकू आलं ते मी टाइप करायचो. त्यामुळं आमच्याकडं 'चहा' नावाचा प्रीसेट होता, तो एका शाहिरांचा. 'नको' हा भजनी मंडळाचा. 'दोन मिनिटं' हा वंदनाताईंचा, साडीच्या सेलसाठी. वंदनाताईंचा दुसरा एक होता, अगरबत्तीच्या जाहिरातीसाठी, त्याचं नाव 'पंखा बंद'.

तर मी आणि वंदनाताई आठवत बसलो होतो. बाहेरच्या बाकावर एक नवीन गिऱ्हाईक होतं, बारशाचं गाणं करून घ्यायला आलेले एक गृहस्थ.

"'चहा' गेला," मी म्हणालो.

"'चहा'चं काही नाही, तो पुन्हा करता येईल. 'दोन मिनिटं' महत्त्वाचा आहे," वंदनाताई म्हणाल्या.

"'नको' पण गेला."

"अरे पण 'पंखा बंद'? तो तरी बघ."

बाकावरचे गृहस्थ उठले, त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं आणि म्हणाले, "चहा मला चालेल. दोन मिनिटं थांबायला काही हरकत नाही."

*

नितीन मनाला फार लावून घेणारा होता. दुसऱ्या दिवशी तो एक सीडी घेऊन आला. त्यात म्हणे असं सॉफ्टवेअर होतं की पुसलेलं सगळं परत आणतं. "जमिनीत पुरलेलं पण काढतं," म्हणाला.

ते लावलं. कॉम्प्युटर अर्धा दिवस घरघरत होता. आम्ही कामं बंद ठेवली. बापू मध्ये मध्ये येऊन स्क्रीनकडं बघायचे आणि नितीनच्या खांद्यावर हात ठेवायचे, जसे काही ऑपरेशन थिएटरबाहेर उभे आहेत.

शेवटी फायली वर यायला लागल्या. ढिगानं. नावं सगळ्यांची पुसलेली, नुसते आकडे. नितीननं एकेक उघडायला सुरुवात केली. पहिली उघडली, हिरॉइनचा फोटो. दुसरी उघडली, दुसऱ्या हिरॉइनचा. तिसरी, चौथी, पाचवी. समुद्रावर, बर्फात, मोटरसायकलवर, काही नुसत्याच हसत. एवढ्या वर्षांत त्या कॉम्प्युटरवर कुणीकुणी काय काय बघून घाईघाईनं पुसलं होतं, ते सगळं सुखरूप वर आलं. प्रीसेट एकही नाही.

वंदनाताई चष्मा पुसत होत्या. मी गालिच्याच्या डिझाइनकडं बघत होतो. नितीन म्हणाला, "माझं नाही हे. मी तर कालच आलो." जे खरं नव्हतं.

बापूंनी खुर्ची ओढली. शांतपणे सगळे फोटो पाहिले. मग म्हणाले, "पुसून टाक. स्टुडिओत सरस्वतीचा फोटो हाय आपला, शोभत नाय."

नितीननं पुसायला घेतलं. अर्ध्यावर बापू म्हणाले, "ही नऊवारीतली राहू दे. ती डीमध्ये ठेव."

*

खरी परीक्षा गिऱ्हाइकं यायला लागल्यावर सुरू झाली.

पहिले आले देशमुख सर. निवृत्त मुख्याध्यापक. रिक्षावर भोंगा लावून जाहिराती फिरतात, त्यातला भारदस्त पुरुषी आवाज सरांचा. 'नाशिककरांनो' असं ते म्हणाले की चौकातला माणूस हातातला वडा खाली ठेवायचा. फक्त एक गोष्ट सरांना माहीत नव्हती. तो भारदस्तपणा निम्मा आमचा होता. सरांचा मूळ आवाज तसा चिरका. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या हेडफोनमध्ये जाड करून सोडला, त्यांना तो आवडला, आणि पुढं कधी सांगायचा प्रसंगच आला नाही. सरांनी स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकला होता तो कायम आमच्या प्रीसेटमधूनच.

त्या दिवशी ते नेहमीसारखे आत गेले, हेडफोन चढवले, घसा खाकरला आणि म्हणाले, "नाशिककरांनो."

मग थांबले. हेडफोन काढला. काचेतून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "कोण बोललं?"

मी म्हणालो, "तुम्हीच, सर."

त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. बाहेर येऊन बाकावर बसले आणि हळूच म्हणाले, "घसा गेला रे. परवा आइस्क्रीम खाल्लं. हिनं सांगितलं होतं, खाऊ नका."

खरं सांगायला माझी जीभ रेटेना. बापू पुढं झाले. "सर, आठवडाभर आवाज बंद ठेवा. एकदम बंद. घरी पण बोलायचं नाय."

सर खरंच गप्प बसले. पाटीवर लिहून भाजी मागायचे, असं त्यांच्या शेजाऱ्यानं सांगितलं. मीठ-पाण्याच्या गुळण्या, तोंडात ज्येष्ठमध. इकडं मी दिवसभर त्यांच्या जुन्या जाहिराती ऐकत कानानं तो जाडपणा पुन्हा जुळवत होतो. थोडा जास्त केला की सर विहिरीत पडल्यासारखे वाटायचे, थोडा कमी केला की पुन्हा शाळेची प्रार्थना.

आठवड्यानं सर आले. हेडफोन लावला. "नाशिककरांनो." डोळे मिटले. पुन्हा म्हणाले, नुसतं स्वतःसाठी. बाहेर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"ज्येष्ठमध," ते म्हणाले. "बाकी काही नाही, ज्येष्ठमध." आणि खिशातून पुडी काढून त्यांनी आम्हां सगळ्यांना एकेक काडी दिली.

सर गेल्यावर बापूंनी आपली काडी सीपीयूवर ठेवली. म्हणाले, "याला पण लागू पडतं का बघू."

*

दगाभाऊंना मात्र फसवणं शक्य नव्हतं.

दगाभाऊ सटाण्याचे. कांद्याचे व्यापारी, आणि अहिराणी गाणी स्वतः लिहून स्वतः गायचे. त्यांच्या कॅसेटा त्या बाजूला लग्नाच्या जीपमध्ये वाजायच्या. त्यांना आवाजात घुमारा लागायचा, आणि तो थोडाथोडका नाही. ओळ संपली की ती परत यायला पाहिजे, पुन्हा परत यायला पाहिजे, आणि तिसऱ्यांदा दुरून ऐकू आली पाहिजे. तो त्यांचा प्रीसेट होता. कुणी ढापू नये म्हणून मी त्याचं नाव कंपनीच्या प्रीसेटसारखंच ठेवलं होतं, आणि त्यामुळं तो हॉलवरून केला होता की गुहेवरून हे आता मलाच आठवत नव्हतं.

मी अंदाजानं एक लावला. दगाभाऊंनी एक ओळ गायली, ऐकली आणि हेडफोन टेबलावर ठेवला.

"भाऊ, हाऊ मना आवाज नही शे."

दुसरा लावला. "हाऊ बी नही."

तिसरा, चौथा, पाचवा. दगाभाऊ चिडले नाहीत. ते विचारात पडले. मग म्हणाले, "हाई मशीनमा सापडाव नही. मना मळामा चला."

त्यांचं म्हणणं असं की तो घुमारा त्यांनी मुळात त्यांच्या विहिरीवरून घेतला होता. लहानपणी विहिरीच्या काठावर बसून गायचे, तोच आवाज त्यांना कॅसेटमध्ये पाहिजे होता. मग मूळ विहीर असताना नकलेची काय गरज? बापूंना हे एकदम पटलं. ते पूर्वीचे भोंगेवाले, त्यांना मोकळ्या हवेतलं काम केव्हाही पसंत. कॉम्प्युटर, माइक, वायरी आणि दुपारचा डबा जीपमध्ये घालून आम्ही सटाण्याला गेलो.

विहीर खरंच जबरदस्त होती. जुनी, रुंद, दगडी बांधणीची. मी एक माइक दगाभाऊंसमोर लावला आणि दुसरा दोरीनं विहिरीत खाली सोडला. ट्रॅक सुरू केला. दगाभाऊंनी काठावर उभं राहून, कानावर हात ठेवून पहिली ओळ सोडली. ती आत गेली, फिरली, घुमून वर आली. हाच तो. बापूंनी मला कोपरानं ढोसलं.

दुसरी ओळ त्याहून सुंदर. दगाभाऊ थांबले. घुमारा विरत गेला, विरत गेला, आणि अगदी शेवटी विहिरीच्या तळातून स्वच्छ आवाज आला:

"ऐकू येस भाऊ. गा पुढे."

खाली मोटर दुरुस्त करायला उतरलेला माणूस होता. आम्ही आल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तो खाली असल्याचं आम्हाला.

मी पुन्हा रेकॉर्डिंग घेऊ म्हणालो. दगाभाऊंनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे." कॅसेट तशीच निघाली. आणि त्या बाजूच्या लग्नांत त्या गाण्याची दुसरी ओळ संपली की सगळं वऱ्हाड एका सुरात ओरडायचं, "ऐकू येस भाऊ, गा पुढे." पुढच्या कॅसेटच्या वेळी दगाभाऊ त्या मोटरवाल्याला बरोबरच घेऊन आले.

*

गंमत म्हणजे, बरेचसे प्रीसेट आमच्याच घरात होते. हे कळलं ते असं.

एका मिठाईवाल्याला त्याची जुनी जाहिरात पुन्हा हवी होती, फक्त 'दसरा'च्या जागी 'दिवाळी' करून. मी डीमधलं जुनं काम जसंच्या तसं उघडलं. गाणं वाजलं, आणि त्यातल्या वंदनाताई अगदी पूर्वीसारख्या वाजल्या. मी उडालोच. प्रीसेट सीमध्ये असला तरी प्रत्येक गाण्याच्या फायलीत त्या त्या वेळची सगळी मांडणी साठवलेली होती. जुनं गाणं उघडायचं, त्यातली मांडणी पुन्हा नाव देऊन ठेवायची, झाला प्रीसेट परत.

एवढं सोपं. मग आम्ही हपापल्यासारखे डी उपसायला बसलो. पुन्हा आडवी आली ती नावंच. फायलींची नावं होती 'फायनल', 'फायनल नवं', 'खरं फायनल', 'बापूंनी सांगितलेलं फायनल', 'हे नाही'. दर वेळी 'हे नाही' हेच खरं निघायचं.

या घाईत एक घोळ झाला. त्या सुमारास वॉर्डाची निवडणूक होती. दोन उमेदवार, दोघंही एकाच कॉलनीतले, आणि दोघांच्याही रिक्षांवर आवाज देशमुख सरांचाच. सरांना त्यात वावगं वाटायचं नाही. "मी मतदार म्हणून तटस्थ आहे," म्हणायचे. पण लोकांना फरक कळावा म्हणून, सर घरी गेल्यावर, आम्ही एकासाठी सर जाड करायचो आणि दुसऱ्यासाठी सर बारीक. जुन्या फायलींतून काढताना जाड आणि बारीक यांची अदलाबदल झाली.

आमच्या लक्षात येईपर्यंत रिक्षा बाहेर पडल्या होत्या.

पहिल्या उमेदवाराच्या आई पंच्याऐंशीच्या आसपासच्या. डोळ्यांना कमी दिसायचं, कान तल्लख. लेकाच्या रिक्षाचा जाड आवाज त्यांच्या कानात पक्का बसलेला. गल्लीच्या तोंडाशी जाड आवाज आला, तशा त्या लगबगीनं औक्षणाचं ताट घेऊन फाटकात आल्या. रिक्षा थांबली. मागं जीपमध्ये विरोधी उमेदवार स्वतः उभे होते. आजींनी त्यांना खाली बोलावलं, कुंकू लावलं, ओवाळलं, तोंडात साखर घातली आणि म्हणाल्या, "त्या समोरच्या मेल्याला पाड."

विरोधी उमेदवार वाकून पाया पडले. म्हणाले, "तुमचा आशीर्वाद आहे, आई. पाडतोच."

आणि पाडलं.

*

यानंतर नितीननं बॅकअपचा इतका धसका घेतला की बोलायची सोय राहिली नाही. जेवढे प्रीसेट परत मिळाले तेवढे त्यानं सीडीवर उतरवले, आणि एका ठिकाणी ठेवले तर आग लागेल, पूर येईल म्हणून वेगवेगळ्या घरांत वाटले. एक त्याच्याकडं, एक माझ्याकडं, एक वंदनाताईंच्या माहेरी. एक बापूंच्या बायकोला, म्हणजे काकूंना, नीट समजावून दिली. "काकू, ही जिवापाड सांभाळा. सगळ्यांची नजर पडेल अशा जागी ठेवू नका, पण तुम्हाला लगेच सापडेल अशी ठेवा."

काही महिन्यांनी खरंच गरज पडली. नितीन धावत वर गेला. "काकू, ती सीडी?"

"आहे की. गच्चीवर आहे."

"गच्चीवर?"

"हो. दोऱ्यानं टांगलीये. आल्यापासून एक कबूतर फिरकलं नाही बघ. तुझ्याकडं अजून असतील तर दे, कुरडयांचे दिवस आलेत."

*

आता एकच राहिलं.

वसंतराव म्हणून एक गृहस्थ दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाच्या आधी यायचे. ऑफिसात हेडक्लार्क, डोक्याला टक्कल, स्वभाव भिडस्त. बायकोसाठी स्वतः गाणं लिहायचे. प्रत्येक कडव्यात तिचं नाव असायचं, सुमन. आणि ते स्वतःच गायचे. त्यांना सूर अजिबात नव्हता. एकही नव्हता. पण माणूस इतक्या मनापासून गायचा की मी दोन-तीन दिवस खपून त्यांच्यासाठी प्रीसेट बनवला होता. तो घसरलेला प्रत्येक सूर उचलून जागेवर ठेवायचा, वर थोडी मखमल चढवायचा. वसंतराव ऐकायचे, लाजायचे आणि म्हणायचे, "छान झालंय. आता तुमच्याकडचं पुसून टाका हं. हिच्या कानावर जायला नको, सरप्राइज असतं." म्हणून त्यांचं काम झालं की आम्ही डीमधूनही पुसायचो. त्यामुळं त्यांच्या प्रीसेटचा मागमूस कुठंच उरला नव्हता.

त्या वर्षी त्यांचा लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. हॉल घेतलेला, दोन्हीकडचे नातेवाईक येणार. वसंतराव आले तेच तणतणत, म्हणजे त्यांच्या मानानं.

"तिचा विश्वासच बसत नाही हो. ती हार्मोनियमच्या शिकवण्या घेते, तिला गाण्यातलं कळतं. दर वर्षी म्हणते, हे तुम्ही गायलेलंच नाही, भाड्यानं माणूस आणता. मी शपथा घेतो, तरी नाही. या वर्षी तर सांगून टाकलंय, पुन्हा तो माणूस आणलात तर मी स्टेजवर येणार नाही." मग माझा हात धरून म्हणाले, "या वेळी असं फर्स्ट क्लास करा, की तिला पटलंच पाहिजे मीच गायलोय."

मी बापूंकडं बघितलं. बापू छताकडं बघत होते.

दोन दिवस मी झटलो. एका प्रयत्नात वसंतराव बकरीसारखे वाजले, दुसऱ्यात रेल्वे स्टेशनवरच्या सूचनेसारखे. तिसऱ्या दिवशी बापू म्हणाले, "दे सोडून. हाय तसं दे." थोडा हॉलचा घुमारा लावला आणि तसंच दिलं. वसंतरावांनी पूर्ण ऐकलं. सीडी खिशात घातली आणि निकाल घेऊन घरी निघालेल्या पोरासारखे बाहेर पडले.

त्या रविवारी आमच्यापैकी कुणालाच जेवण गोड लागलं नाही. वंदनाताई सारखं म्हणत होत्या, "पंचवीस वर्षांचा संसार आहे रे."

सोमवारी सकाळी लाल दिव्याखालून एक बाई आत आल्या. मोरपंखी साडी, हातात पेढ्यांचा बॉक्स. म्हणाल्या, "मी सुमन."

आम्ही उभेच राहिलो. नितीन नेमका तिथं होता, तोही उभा राहिला.

"सबंध हॉलमध्ये लावलं यांनी," त्या म्हणाल्या. "पहिल्याच ओळीला घसरले. अंतऱ्यात तर कुठल्या कुठं गेले. माझ्या भावांना हसू आवरेना. दाढी करताना रोज सकाळी बाथरूममधून येतो ना, तोच आवाज अगदी." त्यांनी बॉक्स उघडून बापूंच्या हातावर पेढा ठेवला. "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्यासाठी स्वतः गायला. स्टेजवर मला रडू कोसळलं."

वंदनाताईंनी डोळ्यांना पदर लावला. खरं सांगायचं तर वसंतराव सगळी वर्षं स्वतःच गात होते, त्यांच्या शपथा खऱ्या होत्या. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बापूंनी माझ्या पायावर पाय दिला.

सुमनताईंनी काचेपलीकडच्या माइककडं बघितलं. मग बापूंना विचारलं, "मग इतकी वर्षं जो गायचा, तो कोण होता हो?"

बापूंनी पेढा गिळला. "होता एक आमच्याकडं. आता नाय."

"कुठं गेला?"

"एका दुपारी अचानक गेला. आम्ही जेवायला गेलो होतो." बापू नितीनकडं वळले. "हा होता इथं."

नितीननं मान खाली घातली.

सुमनताईंनी पर्स काखेला लावली, आम्हाला नमस्कार केला आणि निघाल्या. बाहेर वसंतराव स्कूटर सुरू करून थांबले होते, हेल्मेट घातलेलं. त्यांना ऐकू जात नाही याची सुमनताईंनी दारातून नीट खात्री करून घेतली, आणि परत वळून हलक्या आवाजात बापूंना म्हणाल्या,

"गायचा मात्र छान. परत आला तर मला कळवा. यांना नको."